समुद्रतळावरची शाळा

फेब्रुवारी १९५०. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील आल्बेंगा या लहानशा गावासमोर समुद्रात एक जहाज नांगर टाकून उभे होते. त्याच्या क्रेनला अडकवलेला अजस्र लोखंडी पंजा पाण्यात उतरे, सुमारे चाळीस मीटर खोलवरच्या तळाचा घास घेई आणि पुन्हा वर येई. पंजा उघडला की डेकवर चिखल, शेवाळ आणि दोन कानांचे उंच मातीचे कुंभ कोसळत. काही अखंड असत, बरेचसे फुटलेले. दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या रोमन मालवाहू जहाजाचा माल असा पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली बाहेर येत होता. डेकवर उभे राहून त्याची नोंद घेणाऱ्या त्या पुरातत्त्वज्ञाचे नाव होते नीनो लाम्बोल्या.

या घटनेतला विरोधाभास विलक्षण होता. इटलीतील पुरातत्त्वज्ञांना माती थराथराने खणायला शिकवणाऱ्या मोजक्या लोकांपैकी लाम्बोल्या एक होते. जमिनीवर बोटभर जाडीचा थरही न मिसळता उचलण्याचा आग्रह धरणारा हा माणूस समुद्रात मात्र लोखंडी पंजाने इतिहास उपसत होता. त्यांच्या पुढच्या सत्तावीस वर्षांच्या समुद्रकार्याचा अर्थ या एका प्रसंगातून उलगडतो. पाण्याखालचे उत्खनन जमिनीवरच्या इतकेच काटेकोर कसे करायचे आणि ते करणारी माणसे कशी तयार करायची, हा प्रश्न त्या डेकवरच उभा राहिला.

लाम्बोल्या यांचा जन्म १९१२ साली लिगुरिया प्रांतातील पोर्तो मॉरिझिओ या बंदरगावात झाला. एका बाजूला आल्प्सचे उतार, दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्र आणि मधून फ्रान्सकडे जाणारा रोमनांचा जुना मार्ग, अशी ही चिंचोळी पट्टी. जिनोव्हा विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी आपल्या अभ्यासाचे क्षेत्र म्हणून ही मायभूमीच निवडली. विशीत असतानाच त्यांनी आल्बेंगा येथे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना एकत्र आणले. या छोट्या मंडळातूनच पुढे लिगुरियाच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. बोर्दिगेरा गावात क्लॅरन्स बिकनेल या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने स्थापन केलेले जुने संग्रहालय हे तिचे घर बनले. लाम्बोल्या यांचे उर्वरित आयुष्य याच संस्थेभोवती फिरत राहिले.

१९३८ ते १९४० या काळात त्यांनी फ्रान्सच्या सीमेलगतच्या व्हेंतिमिलिया येथे प्राचीन रोमन नगराचे उत्खनन केले. त्या काळी इटलीत उत्खनन म्हणजे बहुधा भिंती मोकळ्या करणे आणि संगमरवरी पुतळे शोधणे. मधली माती अडथळा समजून फेकली जाई. लाम्बोल्या यांनी त्या मातीलाच दस्तऐवज मानले. खालचा थर जुना, वरचा नवा. प्रत्येक थरातली खापरे वेगळी ठेवायची, मोजायची, एकमेकांशी ताडून पाहायची. या पद्धतीने त्यांनी रोमन भांड्यांचा कालक्रम बांधला. महायुद्धामुळे लांबलेला त्याचा ग्रंथ १९५० मध्ये, म्हणजे आल्बेंगाच्या मोहिमेच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. साधारण त्याच सुमारास भारतात मॉर्टिमर व्हीलर तक्षशिलेच्या प्रशिक्षण शिबिरात भारतीय विद्यार्थ्यांना थरांचे वाचन शिकवत होते, हे लक्षात घेतले तर या विचाराचे नवेपण कळते.

शिकवण्याची ओढ लाम्बोल्या यांच्यातही तितकीच होती. स्पेनच्या किनाऱ्यावरील आम्पुरियास या ग्रीक-रोमन नगरात १९४७ पासून पुरातत्त्वाचे आंतरराष्ट्रीय अभ्यासवर्ग सुरू झाले. तेथे लाम्बोल्या यांनी स्पॅनिश सहकाऱ्यांबरोबर तरुणांना थरनिहाय उत्खननाचे धडे दिले. विद्यार्थ्याने हातात कुदळ घेतल्याशिवाय त्याला पुरातत्त्व समजत नाही, ही या वर्गांमागची धारणा होती. पाण्याखाली मात्र ही धारणा लागू करणे अवघड होते, कारण तिथे कुदळ धरणारा हात पुरातत्त्वज्ञाचा नव्हता.

आल्बेंगाच्या कोळ्यांना समुद्रात काहीतरी आहे हे फार आधीपासून ठाऊक होते. १९२५ साली त्यांच्या जाळ्यात मातीचे कुंभ अडकून वर आले होते. रोमन लोक मद्य, तेल, माशांचा खारवलेला रस अशा वस्तू या कुंभांतून जहाजाने पाठवत. त्यांना अँफोरा म्हणतात. कुंभ आले म्हणजे खाली जहाज असणार, हे उघड होते. पण चाळीस मीटर खोलीवर पोचायचे कसे? श्वसनयंत्र पाठीवर बांधून मोकळेपणाने पोहण्याचे तंत्र फ्रान्समध्ये १९४३ साली जन्मले असले तरी १९५० मध्ये ते अजून दुर्मिळ होते. पुरातत्त्वज्ञांपैकी ते शिकलेले जवळजवळ कोणीच नव्हते.

अशा वेळी जोव्हान्नी क्वाल्या हे बुडालेली जहाजे उपसण्याच्या व्यवसायातले उद्योजक पुढे आले. त्यांच्या कंपनीचे नाव जगभर गाजले होते ते एका मोहिमेमुळे, आणि त्या मोहिमेचा मुंबईशी थेट संबंध होता. मे १९२२ मध्ये लंडनहून मुंबईकडे निघालेली ‘इजिप्त’ ही आगबोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टक्कर होऊन बुडाली. तिच्यात लक्षावधी पौंडांचे सोने-चांदी होते. सव्वाशे मीटरच्या आसपास खोलीवरून हे सोने क्वाल्या यांच्या ‘आर्तील्यो’ जहाजाने १९३२ मध्ये वर काढले. लोखंडी कोठडीत बसलेला पाणबुड्या खाली उतरे, काचेतून पाहून दूरध्वनीवर सूचना देई आणि त्याच्या सांगण्यानुसार वरचे लोक पंजा हलवत. हेच तंत्र घेऊन, त्याच नावाचे जहाज १९५० मध्ये आल्बेंगाला आले.

सोन्याच्या लगडीसाठी हे तंत्र उत्तम होते. लगड कुठल्या कोपऱ्यातून आली याने तिची किंमत बदलत नाही. कुंभाचे तसे नसते. तो जहाजाच्या पुढच्या भागात होता की मागच्या, वरच्या रांगेत होता की खालच्या, त्याच्या शेजारी ताटल्या होत्या की शिरस्त्राणे, यावरूनच जहाज कसे भरले, कोणता माल कुठे चढवला आणि ते कुठून निघाले हे कळते. पंजाने हे सारे संदर्भ एका घासात मिसळून टाकले. अवघ्या काही दिवसांत सातशेहून अधिक कुंभ हाती आले. काळ्या झिलईची भांडी आणि जहाजाच्या लाकडाचे तुकडेही आले. जहाजाची रचना मात्र उलगडली नाही. उलट तिचा काही भाग पंजाखाली मोडला.

टीका झाली आणि ती रास्त होती. आजही पाण्याखालील पुरातत्त्वाच्या वर्गात आल्बेंगाची पहिली मोहीम सांगितली जाते ती प्रामुख्याने काय करू नये याचे उदाहरण म्हणून. तरीही तिने दोन गोष्टी साधल्या. जहाज इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले असून ते रोमन काळातील सर्वांत मोठ्या ज्ञात मालवाहू जहाजांपैकी एक असल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्यावर दहा हजारांहून अधिक मद्यकुंभ असावेत, असा अंदाज आहे. आणि त्याच वर्षी आल्बेंगाच्या एका जुन्या वाड्यात रोमन नौका संग्रहालय उभे राहिले. तेथे हे कुंभ जहाजाच्या पोटात रचलेले असावेत तसे मांडले गेले.

वर आलेल्या कुंभांवर लाम्बोल्या यांनी केलेले काम आजही वापरात आहे. जर्मन अभ्यासक हाइन्रिख ड्रेसेल यांनी १८९९ मध्ये रोमन कुंभांच्या आकारांचा तक्ता प्रसिद्ध केला होता. त्यातील पहिल्या प्रकाराचे लाम्बोल्या यांनी १९५५ मध्ये काठ व बांध्यावरून अ, ब आणि क असे तीन पोटभेद केले आणि त्यांचे काळ सुचवले. इटलीतील काळ्या झिलईच्या भांड्यांचे त्यांचे वर्गीकरण १९५२ मध्ये आले होते. अशा वर्गीकरणांमुळेच एखादे खापर हाती येताच त्यामागचा व्यापार कधीचा, हे सांगता येऊ लागले. महाराष्ट्रात नेवासे, जुन्नर, घारापुरी अशा ठिकाणी रोमन कुंभांची खापरे सापडली आहेत. ती ओळखताना भारतीय अभ्यासक ज्या परंपरेचा आधार घेतात, तिच्या घडणीत लाम्बोल्या यांचा वाटा आहे.

पंजाचा धडा त्यांनी वाया जाऊ दिला नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्बेंगा येथे सागरी पुरातत्त्वाचे प्रायोगिक केंद्र सुरू झाले. ‘प्रायोगिक’ हा शब्द महत्त्वाचा होता. पाण्याखाली मोजमाप कसे घ्यायचे, छायाचित्र कसे जोडायचे, नोंद कशी ठेवायची याची तयार उत्तरे तेव्हा कोणाकडेच नव्हती. इटालियन नौदलाने ‘दाइनो’ हे जहाज मदतीला दिले. त्यावर नौदलाचे पाणबुडे, हौशी पोहणारे, छायाचित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ एकत्र आले. त्यांच्यात जान्नी रोगी हे पत्रकारही होते. पाणबुडीचे कसब असलेल्या या वार्ताहराने मोहिमेच्या तांत्रिक पद्धतींची टिपणे लिहून प्रसिद्ध केली, म्हणून आज ती पावले तपशिलात कळतात.

१९५८ मध्ये सार्डिनियाच्या उत्तरेकडील स्पार्जी बेटाजवळच्या रोमन जहाजावर या केंद्राने आपली परीक्षा घेतली. येथे खोली सुमारे अठरा मीटर होती. हा फरक निर्णायक होता. चाळीस मीटरवर दाब पाच पट होतो, श्वासातला नायट्रोजन मेंदूवर गुंगी आणतो आणि साधी हवा घेऊन दहा मिनिटांच्या आसपास थांबले तरी वर येताना टप्प्याटप्प्याने विसावे घ्यावे लागतात. घाई केली तर रक्तात बुडबुडे होऊन माणूस कायमचा पंगू होऊ शकतो. अठरा मीटरवर मात्र तासाभराच्या आसपास काम करता येते आणि डोके ताळ्यावर राहते. शिकण्यासाठी आणि शिकवण्यासाठी ही खोली योग्य होती.

स्पार्जी येथे आधी उचलायचे नाही, आधी मोजायचे, असा क्रम ठरला. अवशेषांवर फितींचे चौरस ताणून जाळे आखण्यात आले. प्रत्येक चौरसाला क्रमांक मिळाला. पाणबुडे ठरावीक उंचीवरून पोहत एकेका चौरसाचे छायाचित्र घेत आणि ती छायाचित्रे जोडून संपूर्ण जागेचे एक मोठे चित्र तयार होई. वस्तू हलवण्यापूर्वी ती कोणत्या चौरसात आहे याची नोंद होई. जमिनीवरच्या उत्खननातील खड्ड्यांची चौकट अशा रीतीने प्रथमच गांभीर्याने समुद्रतळावर उतरली. पद्धत निर्दोष नव्हती. फीत लवचिक असते, उंचसखल तळावर ती सरकते, वाकते आणि मापे चुकतात. म्हणून पुढे नळ्यांच्या कडक चौकटी वापरण्यात आल्या. पण विचार रुजला होता.

त्याच वर्षी आल्बेंगा येथे सागरी पुरातत्त्वाची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पहिली १९५५ मध्ये फ्रान्समधील कान येथे झाली होती. लोखंडी पंजाची बदनामी झालेले गाव आठ वर्षांत या शास्त्राचे भेटीचे ठिकाण बनले. पाठोपाठ १९५९-६० मध्ये लाम्बोल्या यांच्या चमूने नेपल्सजवळच्या बाया येथे पाण्याखाली गेलेल्या रोमन नगराचे सर्वेक्षण केले. तिथली जमीन ज्वालामुखीच्या हालचालींमुळे खचली आहे. वाडे, रस्ते, फरसबंदी सारे उथळ पाण्यात आहे. तिथे काही उचलायचे नव्हते, फक्त नकाशा करायचा होता. फिती, कंपास आणि पाटी घेऊन पाण्याखाली भिंतींची मापे घेणे, हा सर्वेक्षणाचा खरा अभ्यास होता.

मूळ प्रश्न मात्र अजून सुटलेला नव्हता. वर डेकवर पुरातत्त्वज्ञ आणि खाली पाणबुड्या, अशी विभागणी तशीच होती. पाणबुड्याला पोहता येई, पण काय पाहायचे ते ठाऊक नसे. पुरातत्त्वज्ञाला काय पाहायचे ते ठाऊक असे, पण तो तिथे नसे. मार्सेयजवळच्या ग्रां काँग्लुए येथे १९५२ पासून कुस्तो यांच्या पाणबुड्यांनी असेच काम केले होते. तेथे एकच नव्हे, तर सुमारे शतकभराच्या अंतराने बुडालेली दोन जहाजे एकावर एक पडलेली होती, हे बऱ्याच वर्षांनंतरच्या फेरअभ्यासात सिद्ध झाले. डेकवरून हा थर दिसला नाही. जमिनीवर प्रशिक्षित विद्यार्थ्याच्या नजरेतून तो सुटला नसता.

१९६० साली तुर्कस्तानच्या केप गेलिदोनिया येथे जॉर्ज बास या तरुण अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने उत्तराचा दुसरा अर्धा भाग दिला. त्याने पाणबुड्याला पुरातत्त्व शिकवण्याऐवजी स्वतः पाण्यात उतरणे शिकून घेतले आणि सुमारे १२०० वर्षे इसवी सनापूर्वीच्या जहाजाचे उत्खनन तळावर राहून पूर्ण केले. इथून दिशा पक्की झाली. विद्यार्थ्याने आधी सुरक्षित बुडी शिकायची, मग पाण्याखाली फीत धरायला, पाटीवर चित्र काढायला आणि गाळ हलका उपसायला शिकायचे. पण बास ज्या चौकटीत काम करत होता, तिची पूर्वतयारी आल्बेंगा आणि स्पार्जी येथील चुका व प्रयोगांनी केली होती.

लाम्बोल्या यांनी आल्बेंगाचे जहाज सोडले नाही. १९६० च्या दशकात ते पुन्हा तिथे परतले, या वेळी पंजाशिवाय. लिगुरियाच्या किनाऱ्यावर इतरत्रही मोहिमा चालू राहिल्या. एकीकडे आणखी एक शत्रू बळावला होता. पाठीवरचे श्वसनयंत्र स्वस्त झाले आणि भूमध्य समुद्रात हौशी पाणबुड्यांची गर्दी झाली. दिवाणखान्यात रोमन कुंभ ठेवण्याची फॅशन आली. उथळ पाण्यातली जहाजे एकामागून एक लुटली गेली. बुडी सर्वांना शिकवली, नोंद मात्र कोणालाच शिकवली नाही, तर काय होते हे या लुटीने दाखवून दिले. प्रशिक्षणाचा मुद्दा आता केवळ शास्त्रापुरता उरला नव्हता; वारसा राहील की जाईल, याचा तो प्रश्न झाला होता.

जानेवारी १९७७ मध्ये जिनोव्हाच्या बंदरात, फेरीबोटीपाशी लाम्बोल्या यांची मोटार धक्क्यावरून समुद्रात कोसळली. सोबत असलेल्या सहकाऱ्यासह ते बुडून मरण पावले. ते चौसष्ट वर्षांचे होते. ज्या समुद्राच्या तळाचे वाचन करण्यात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला, त्यानेच, तेही बंदराच्या शांत पाण्यात, त्यांचा घास घेतला.

त्यांच्या पश्चात हे शास्त्र जगभर पसरले. भारतात ते गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजले. लोथलचे उत्खनक एस. आर. राव यांनी १९८१ मध्ये तेथे सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू केले आणि १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात उत्खनने झाली. तेथेही पुरातत्त्वाच्या पदवीधरांना बुडी शिकावी लागली. २००१ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पाण्याखालील पुरातत्त्वासाठी स्वतंत्र विभाग उभारला. आता तळाची हजारो छायाचित्रे संगणक जोडतो आणि काही तासांत त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. तरीही विद्यार्थ्याचा पहिला धडा तोच आहे: तरंगत राहा, तळाला पाय लावू नका, आधी मोजा.

२००१ च्या युनेस्को करारात पाण्याखालील वारशाबाबत जागेवरच जतन हा पहिला पर्याय मानण्यात आला. प्रत्यक्ष कामासाठी प्रशिक्षित माणसांची अट घालण्यात आली. हा करार २००९ मध्ये अमलात आला. आल्बेंगासमोरच्या जहाजाचा बहुतांश माल आजही चाळीस मीटर खाली गाळात आहे. गावातल्या संग्रहालयात पंजाने काढलेले कुंभ रांगेत उभे आहेत. त्यांच्यापैकी कोणता जहाजात नेमका कुठे होता, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. खाली उरलेल्या हजारो कुंभांबाबत मात्र ते अजून सांगता येईल. पुढच्या वेळी तिथे उतरणाऱ्या विद्यार्थ्याच्या एका हातात मोजफीत असेल आणि दुसऱ्या हातात पाटी.